वाघोली ते देहू : एका क्षमायाचनेची वाट



पंढरीचा देव विटेवर का उभा आहे, असे लहान मुलाला विचारले तरी ते सांगते, पुंडलिकाने वीट फेकली म्हणून. पण पुंडलिक त्या वेळी काय करीत होता, आणि त्याच्या आधी तो कसा वागत होता, हे आपण घाईघाईने सांगून पुढे जातो. आईबापांना छळणारा, काशीच्या वाटेवर त्यांना पायी चालवणारा हा मुलगा कुक्कुटऋषींच्या आश्रमात आला. तेथे मातृपितृसेवेचा महिमा त्याने पाहिला, त्याचे डोळे उघडले, आणि तो परतला. कथेत कुठेही त्याचे लांबलचक क्षमायाचनेचे भाषण नाही. तो घरी येऊन आईबापांचे पाय चुरीत बसला, एवढेच. देव दाराशी आला तरी त्याने ते पाय सोडले नाहीत. म्हणजे आपण ज्या विटेवर मस्तक ठेवतो, त्या विटेच्या मुळाशी एका मुलाचा अनुताप आहे. वारकरी संप्रदायाचा आरंभच असा चूक सुधारण्यातून झाला आहे.

वारकरी एकमेकांना भेटले की वाकतात. वय, जात, विद्या काही न पाहता दोघांची मस्तके एकदमच खाली जातात. बाहेरच्या माणसांना या रीतीचे मोठे कौतुक वाटते. परंतु पायावर डोके ठेवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. ‘माझे चुकले’ हे दोन शब्द उच्चारणे तितके अंगवळणी पडलेले नाही. सख्खे भाऊ बांधावरून बोलेनासे होतात. एकाच दुकानात बसणारे भागीदार नोकराकरवी निरोप धाडतात. एका दिंडीच्या दोन दिंड्या होतात. मूळ कारण काढू गेले तर एखादा शब्द असतो. तो शब्द परत घेण्याची हिंमत दोघांपैकी एकालाही झालेली नसते.

म्हणून आज आपल्याच इतिहासातील एका क्षमायाचनेचा विचार करू. तत्पूर्वी गीतेचा आधार घेऊ, कारण प्रमाणावाचून वारकऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही. अकराव्या अध्यायात अर्जुनाने विश्वरूप पाहिले. त्याने स्तुती केली, तो भ्याला, आणि मग 41 व 42 या श्लोकांत त्याने चक्क क्षमा मागितली. कशाची? तुला नुसता सखा समजलो, एकेरी नावाने हाका मारल्या, खेळताना, निजताना, जेवताना थट्टेत तुझा मान राखला नाही, याची. माउलींनी या ठिकाणी मोठे घरगुती दृष्टान्त योजले आहेत. अमृत हाती आले आणि त्याचा सडा घातला. कामधेनू दिली आणि तिच्या बदल्यात शिंगरू घेतले. परिसाचा खडक लाभला तो फोडून पायात भरला. कल्पतरू तोडून शेताला कुंपण केले. जवळच्या माणसाचे मोल आपल्याला असेच कळत नाही. परक्याशी आपण जपून बोलतो, आणि जो रात्रंदिवस आपला रथ हाकतो त्याला वाटेल ते बोलून जातो. अर्जुनाची क्षमायाचना ही सख्याने सख्याची मागितलेली क्षमा आहे. मैत्रीत क्षमा कशाला, असे म्हणणाऱ्याने हे दोन श्लोक वाचावेत.

आता उत्तररंगाकडे वळू.

पुण्याहून नगरच्या रस्त्याला वाघोली लागते. तुकोबारायांच्या काळी तेथे रामेश्वरभट नावाचे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होते. ते ढोंगी नव्हते, अडाणी तर मुळीच नव्हते. त्यांची विद्या खरी होती, आचार कडक होता, आणि आपण धर्मरक्षण करीत आहोत असा त्यांचा प्रामाणिक समज होता. देहूचा एक वाणी प्राकृतात अभंग रचतो, त्यात वेदांचा अर्थ उतरवतो, आणि लोक त्याच्या पाया पडतात, हे त्यांना सहन झाले नाही. महिपतिबुवा ताहराबादकरांनी हा प्रसंग आपल्या संतचरित्रांत विस्ताराने गायिला आहे. त्यांचा भक्तविजय 1762 सालचा आणि भक्तलीलामृत 1774 सालचा. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रामेश्वरभटांनी तुकोबांना अभंग रचण्याची मनाई केली. तुकोबांनी विचारले, आतापर्यंत जे लिहिले त्याचे काय करू? उत्तर मिळाले, पाण्यात बुडव.

तुकोबा देहूला आले आणि त्यांनी वह्यांना दगड बांधून त्या इंद्रायणीच्या डोहात सोडल्या. ज्या इंद्रायणीत त्यांनी पूर्वी लोकांच्या कर्जाचे कागद बुडवले होते, तीच ही इंद्रायणी. कर्जाचे कागद त्यांनी आपखुशीने बुडवले. वह्या बुडवताना मात्र काळीज तुटले. प्रपंच गेला होताच, आता परमार्थही बुडाला, असे लोक हिणवू लागले. तुकोबा शिळेवर अन्नपाण्यावाचून 13 दिवस पडून राहिले. हे 13 दिवस स्वतः तुकोबांच्या अभंगांत आले आहेत, त्यामुळे ही केवळ मागाहून जोडलेली कथा नव्हे. पुढे वह्या कोरड्या वर आल्या.

या चमत्काराकडे ज्याने त्याने आपापल्या भावाने पाहावे. मला आज त्याच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. वह्या तरल्या, तरी रामेश्वरभटांचे मन अजून बुडालेलेच होते.

परंपरा सांगते की रामेश्वरभट पुण्याकडे आले असता अनगडशहा नावाच्या फकिराच्या बागेतील पाण्यात उतरले. फकिराच्या शापाने त्यांच्या सर्वांगाचा दाह सुरू झाला. उपाय थकले. ओली वस्त्रे अंगावर घेतली तरी आग शमेना. शेवटी ते आळंदीस माउलींच्या समाधीपाशी अनुष्ठानास बसले. तेथे दृष्टान्त झाला तो असा की, तुझ्या मनात तुकोबांविषयी जो द्वेष आहे तोच तुला जाळीत आहे, त्यांना शरण जा.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. माउलींच्या दारात येऊन बसलेल्या माणसाचा दाह माउलींना तेथेच शमवता आला नसता काय? रेड्यामुखी वेद वदवणाऱ्याला ते काय अवघड होते? पण माउलींनी त्याला देहूची वाट दाखवली. ज्याचा अपराध केला त्याच्याकडेच जावे लागते. देवळात कितीही प्रदक्षिणा घाला, अभिषेक करा, अन्नदान करा. शेजाऱ्याचे मन दुखवल्याचे प्रायश्चित्त शेजाऱ्याच्या उंबऱ्यावरच होते. आपल्यापैकी पुष्कळजण भावाशी भांडतात आणि क्षमा मात्र पांडुरंगाची मागतात. पांडुरंग दयाळू आहे, तो ऐकूनही घेतो. पण भाऊ अजून वाट पाहत असतो.

रामेश्वरभटांनी शिष्याबरोबर पत्र पाठवले. तुकोबांनी उत्तरादाखल एक अभंग लिहून दिला. आपले मन निर्मळ झाले की वैरभावाला थारा उरत नाही, असा त्या उत्तराचा भाव आहे. त्यात वह्यांचा उल्लेख नाही. ‘पाहिलेत ना, कसे भोगावे लागले?’ असा टोमणा नाही. 13 दिवसांच्या उपवासाचा हिशेब नाही. ते वाचून दाह शमला आणि रामेश्वरभट देहूस आले. दोघांची भेट झाली.

आता या क्षमायाचनेचे खरेपण कशात होते ते पाहू. आपल्या धर्मात कर्म तीन ठायी घडते असे सांगतात : मन, वाणी आणि काया. अपराध तिन्ही ठायी घडतो, म्हणून क्षमाही तिन्ही ठायी मागावी लागते. मनात अनुताप, वाणीत कबुली आणि कायेने प्रायश्चित्त. यांतले एक जरी उणे पडले तरी क्षमा लंगडी होते. नुसता अनुताप असेल तर समोरच्याला कळतच नाही. नुसती कबुली असेल तर ती ‘सॉरी’ होते, जी गर्दीत धक्का लागला तरी म्हणतात आणि घर मोडले तरी म्हणतात. आणि नुसते प्रायश्चित्त असेल तर ते दंड भरल्यासारखे होते.

रामेश्वरभटांचे तिन्ही पुरे होते. मनाचा दाह तर सांगितलाच. वाणीची साक्ष त्यांच्याच अभंगांत आहे. गाथेच्या प्रतींत तुकोबांविषयीचे रामेश्वरभटांचे अभंग छापलेले असतात. त्यात ते स्वतः सांगतात की मी अंतरी द्वेष धरला, त्याने माझ्या देही व्यथा उठली, ज्ञानेश्वरांनी कृपा करून मला मार्ग सांगितला. ‘काही गैरसमज झाला’, ‘लोकांनी माझे कान भरले’, असली पळवाट नाही. द्वेष केला, तो मी केला, असे आपल्या नावानिशी लिहून ठेवले आहे.

आणि हे लिहिले कोणत्या भाषेत? प्राकृतात. कोणत्या छंदात? अभंगात. ज्या भाषेत परमार्थ सांगणे अधर्म म्हणून त्यांनी वह्या बुडवायला लावल्या, त्याच भाषेत या संस्कृत पंडिताने आपली कबुली दिली. चुकीच्या जागी नेमकेपणी बोट ठेवणे म्हणतात ते हे. ज्या गोष्टीचा अनादर केला तीच गोष्ट त्यांनी मस्तकी घेतली.

कायेची साक्ष याहून मोठी. तुकोबांच्या मागे उभे राहणारे जे चौदा टाळकरी परंपरेने मानले आहेत, त्यांत रामेश्वरभटांचे नाव आहे. डोळ्यांपुढे चित्र आणा. पुढे वीणा घेऊन देहूचा वाणी उभा आहे. मागे संताजी तेली आहेत, गंगाराम मवाळ आहेत, नावजी माळी आहेत, आणि त्याच ओळीत वाघोलीचे शास्त्री हातात टाळ घेऊन ध्रुपद धरीत आहेत. ज्याने कधी टाळकऱ्याची सेवा केली आहे त्याला ठाऊक आहे की टाळकऱ्याला स्वतःचे असे काही म्हणायचे नसते. पुढचा जे म्हणेल ते उचलायचे. काल ज्याला गप्प करायला निघालो, त्याचेच शब्द रोज मागे उभे राहून उचलायचे, याहून वेगळे प्रायश्चित्त कोणता निबंधग्रंथ सांगणार?

याहून पुढची एक गोष्ट आहे. गावोगावच्या देवळांत आपण तुकोबारायांची जी आरती म्हणतो, ती रामेश्वरभटांची आहे. शेवटी त्यांनी आपले नाव घालून तुकोबांच्या चरणी मस्तक ठेवले आहे. त्याच आरतीत, रामाने सागरावर पाषाण तारावे तसे हे अभंग पाण्यात राखले गेले, असेही त्यांनी गायिले आहे. आता विचार करा. वह्या बुडाल्या कोणाच्या आज्ञेने? स्वतः आरतीकाराच्या. आपली सर्वांत मोठी चूक त्यांनी लपवली तर नाहीच, उलट ज्यांचा अपराध केला त्यांच्या गौरवात ती ओवून ठेवली. साडेतीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्र ती आरती म्हणत आहे. अपराध करणारा अपराधानेच ओळखला जातो, असा जगाचा नियम. येथे तो आरतीने ओळखला जातो.

एक शंका मनात येईल. क्षमा करणारे तुकोबा तरी त्या वेळी कोठे होते? ते उंच आसनावर बसून क्षमेचे दान करीत होते काय? गाथा उघडा. वह्या वर आल्यावरचे अभंग आनंदाचे कमी आणि अपराधीपणाचे अधिक आहेत. तुकोबा विठोबाला म्हणतात की मी तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठी माझे चित्त खवळले, तुला पाण्यात कष्टविले, माझा मोठा अन्याय झाला. म्हणजे रामेश्वरभट तुकोबांची क्षमा मागत होते आणि तुकोबा पांडुरंगाची. जो स्वतः क्षमा मागत उभा आहे, त्याला दुसऱ्याला क्षमा करणे जड जात नाही. ज्याला वाटते की आपण कधी चुकलोच नाही, त्याच्या हातून क्षमा सुटत नाही.

देहूतलाच दुसरा प्रसंग मंबाजी गोसाव्यांचा. तुकोबांची म्हैस मंबाजींच्या बागेत शिरली. पुढे प्रदक्षिणेच्या वाटेवर आलेल्या काट्या तुकोबांनी भाविकांसाठी दूर केल्या, तेव्हा मंबाजींनी त्यांना काटेरी फांदीने झोडपले. त्या रात्री एकादशीचे कीर्तन होते आणि रोज येणारे मंबाजी आले नाहीत. महिपतिबुवा सांगतात की तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले, काट्यांना हात लावला हा अपराध माझाच, असे म्हणून त्यांचे पाय चेपले आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले. येथे मार खाणाऱ्यानेच क्षमा मागितली.

पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. बहिणाबाई शिऊरकरांच्या आत्मनिवेदनात जे मंबाजी भेटतात ते तुकोबांचे विरोधकच आहेत. बहिणाबाईंच्या गाईलाही त्यांनी झोडपले. रामेश्वरभट पालटले, मंबाजी पालटले नाहीत. तुकोबांची वागणूक दोघांशी सारखीच होती. म्हणून क्षमा मागताना समोरचा विरघळेलच असा हिशेब धरू नये. क्षमा मागणे आपल्या हाती, फळ देणे त्याच्या हाती. शेतकरी पेरतो, पाऊस त्याच्या हाती नसतो, म्हणून काही तो पेरणी सोडत नाही.

आणि अपराधी आलाच नाही तर? त्यासाठी मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आहेत. कोणाच्या तरी बोलण्याने दुखावून ज्ञानोबांनी झोपडीची ताटी लावून घेतली. टोचून बोलणारा कोणी क्षमा मागायला आल्याचे सांगत नाहीत. आली ती धाकटी बहीण, आणि तिने थोरल्या भावाला ताटी उघडायला लावली. दुखावलेल्याने दार लावून घेतले तर क्षमा मागायला येणारा तरी ठोठावणार कोठे?

कीर्तनाच्या निमित्ताने अनेक दिंड्यांतून चाललो, त्यातला एक प्रसंग या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. मुक्कामाच्या भजनात एका वयोवृद्ध वीणेकऱ्याने तरुण मृदंगाचार्याला शेदीडशे माणसांत ‘हाताला अक्कल नाही’ असे सुनावले. पोराने मृदंगाला गवसणी घातली आणि तो तंबूत जाऊन पडला. पहाटे त्याने गावी परतण्याची तयारी केली. मंडळींनी वीणेकरीबुवांना सुचवले की तंबूत जाऊन दोन शब्द बोला, मिटेल. बुवा म्हणाले, “बोललो चारचौघांत, आणि माफी अंधारात मागू?” काकड्याला सारी दिंडी जमली तेव्हा त्यांनी त्या मुलाला समोर बोलावले, “काल माझी जीभ घसरली, तुझा हात नव्हे,” असे म्हटले, आणि गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली. रीतीप्रमाणे वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. सत्तरीचा माणूस विशीच्या मुलापुढे वाकला. मुलगा रडू लागला. त्या सकाळी मृदंग असा काही वाजला की चालणाऱ्यांना कोस कळले नाहीत. अपमान जेवढ्यांच्या देखत झाला, क्षमा तेवढ्यांच्या देखत मागावी, हा धडा त्या बुवांनी सर्वांना दिला. कचेरीतला साहेब असो, कारखान्यातला मुकादम असो की घरातली सासू. हाताखालच्या माणसाची क्षमा मागितल्याने मोठेपण उणे होत नाही.

शेवटी एक क्षमा आपण सर्वांनी मिळून मागायची होती, तिचे स्मरण करू. चोखोबांनी महाद्वाराबाहेर उभे राहून विठ्ठलाला आळवले. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते भिंतीखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली. पायरीपाशी समाधी झाली, पण चोखोबांच्या लेकरांना पायरीच्या आत जायला मिळेना. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. अनेकांनी विरोध केला, कटू शब्द बोलले गेले; पण 10 दिवसांनी उपोषण सुटले ते मंदिर सर्वांना खुले करण्याच्या मान्यतेवर. 600 वर्षांची चूक दार उघडल्याने दुरुस्त होऊ लागली. होऊ लागली असेच म्हणतो. रामेश्वरभट एकदा पाया पडून घरी गेले नाहीत, ते टाळ घेऊन रोज उभे राहिले. समाजाच्या क्षमेलाही तसेच रोज उभे राहावे लागते : पंगतीत, पाणवठ्यावर, सोयरिकीत.

वारीला निघताना आपण पडशी भरतो, टाळ पुसतो, पताका धुतो. यंदा त्याआधी एक काम करू. गावात, भावकीत, कामाच्या जागी असे एक घर प्रत्येकाला ठाऊक असते की ज्याच्यासमोरून जाताना मान दुसरीकडे वळते. त्या घरी जाऊन यावे. फार बोलू नये, कारणे सांगू नयेत, त्याचे काय चुकले ते मोजू नये. आपले काय चुकले तेवढेच त्याच्या डोळ्यांकडे पाहून सांगावे, आणि जे बिघडवले ते हाताने नीट करून द्यावे. दार उघडले तर तेथला चहा घ्यावा. नाही उघडले तर उंबऱ्याला नमस्कार करून वारीला निघावे, आणि परत आल्यावर प्रसादाचे चुरमुरे घेऊन पुन्हा जावे.

वाघोलीहून देहू काही फार लांब नाही. पण रामेश्वरभटांना ती वाट आळंदीवरून काढावी लागली. आपल्यालाही माउलीच ती वाट दाखवोत.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल। श्रीज्ञानदेव तुकाराम।